संकेतस्थळ छोटे, निवड मोठी

प्रतिनिधी

एखाद्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे 'आपलेही संकेतस्थळ असावे' असा विषय आला, की पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा 'कोणाच्या ओळखीत कोणी मुलगा आहे का?' हा. मुलगा सापडतो, संकेतस्थळ तयार होते, वर्धापनदिनी पाहुण्यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटनही होते. दोन-तीन वर्षांनी त्याच पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागतात, तेव्हा तो मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेलेला असतो आणि पासवर्ड कोणापाशी आहे हे कार्यकारिणीत कोणालाच सांगता येत नाही. गृहनिर्माण संस्था, शाळा, छोटे दवाखाने, घरगुती उद्योग यांच्याही बाबतीत हेच घडते. कोणती संगणकभाषा आणि कोणता डेटाबेस यावर काथ्याकूट भरपूर होतो. पण साधने निवडताना विचारायचा खरा प्रश्न वेगळाच असतो. करून देणारा माणूस निघून गेल्यावर हे संकेतस्थळ कोण चालवणार, हा तो प्रश्न होय.

विवेचनाच्या सोयीसाठी वाचनालयाचेच उदाहरण पुढे चालवू. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क आणि ड अशी वर्गवारी होते. त्यातील मधल्या वर्गाचे एक वाचनालय डोळ्यांपुढे आणावे. वीसेक हजार पुस्तके, काही शे सभासद, एक ग्रंथपाल, एक मदतनीस. संगणक अभियंता अर्थातच नाही. त्यांना हवे आहे ते इतकेच: वेळापत्रक आणि सुट्ट्या कळाव्यात, नवी पुस्तके आणि व्याख्याने जाहीर करता यावीत, आणि 'अमुक पुस्तक आपल्याकडे आहे का?' याचे उत्तर सभासदाला घरबसल्या मिळावे.

एवढ्यासाठी संकेतस्थळ हवे तरी कशाला, फेसबुकचे पान आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गट पुरेसा नाही का, असे कोणी विचारले तर तो प्रश्न गैर नाही. सूचना पोहोचवण्यासाठी ही माध्यमे उत्तमच आहेत. परंतु ती भाड्याची जागा आहे आणि घरमालक केव्हा घर मोडील याचा नेम नसतो. हौशी लोकांची लक्षावधी पाने सामावून घेणारी 'जिओसिटीज' ही सेवा याहूने १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. भारतात एके काळी घरोघरी पोहोचलेले 'ऑर्कुट' सप्टेंबर २०१४ मध्ये मिटले. अगदी अलीकडे, मार्च २०२४ मध्ये, गूगलने छोट्या व्यावसायिकांना फुकट दिलेली संकेतस्थळांची सोय काढून घेतली. प्रत्येक वेळी मालकाने पूर्वसूचना दिली होती. पण ती वाचणारा आणि सामान हलवणारा कोणी असेल तरच तिचा उपयोग. शिवाय, गटातला मजकूर दोन दिवसांत वर सरकून दिसेनासा होतो आणि वीस हजार पुस्तकांची यादी तेथे शोधता येत नाही ती नाहीच.

नाव कोणाच्या नावावर?

तंत्रज्ञानाकडे वळण्यापूर्वी डोमेन नावाचा, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचा, निकाल लावला पाहिजे. 'डॉट इन' हा भारताचा पत्ता २००५ पासून सर्वांना खुला आहे आणि त्याचा वार्षिक खर्च एखाद्या जाडजूड कादंबरीच्या किमतीएवढा येतो. पैशांचा प्रश्न येथे फारसा नाही. प्रश्न मालकीचा आहे. काम करून देणारी व्यक्ती स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर नाव नोंदवते आणि संस्थेकडून वर्षाचे पैसे घेते; यात बहुधा लबाडी नसते, सोय असते. पण कागदोपत्री मालक तीच व्यक्ती ठरते. नूतनीकरणाची स्मरणपत्रेही तिच्याच टपालपेटीत पडतात. मुदत उलटून गेल्यावर नाव पुन्हा बाजारात येते, आणि जुन्या, रुळलेल्या पत्त्यांवर टपून बसलेली मंडळी ते उचलतात. जुगाराच्या जाहिराती येतात त्या येथून. म्हणून नाव संस्थेच्या नावे, संस्थेच्या ई-मेलवर आणि शक्य असल्यास एकदम पाच वर्षांसाठी घ्यावे. तो ई-मेल किमान दोन पदाधिकाऱ्यांना उघडता यावा आणि कार्यकारिणी बदलली की त्याची किल्लीही दप्तराबरोबर हस्तांतरित व्हावी.

देवनागरीतून पत्ता घ्यावा का? 'डॉट भारत' ही सोय २०१४ मध्ये सुरू झाली आणि मराठी, कोंकणी, हिंदीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांतून नाव घेता येऊ लागले. अभिमान म्हणून ते अवश्य घ्यावे. पण असा पत्ता यंत्रांच्या पातळीवर रोमन अक्षरांच्या एका अगम्य मालिकेत रूपांतरित होतो आणि काही ठिकाणी, विशेषतः ई-मेलमध्ये, ती मालिकाच उघडी पडते. त्यामुळे मुख्य पत्ता रोमन ठेवून देवनागरी पत्त्यावर येणाऱ्याला तिकडे वळवणे, हा व्यवहार्य मार्ग.

भरलेली खोकी की तव्यावरचा डोसा?

संकेतस्थळे मुळात दोन जातींची असतात, आणि हा फरक कळला तर निम्मी निवड आपोआप होते. मिठाईच्या दुकानात पेढ्यांची खोकी आधीच भरून ठेवलेली असतात. गिऱ्हाईक आले की उचलून द्यायची. डोसा मात्र मागणी आल्यावर तव्यावर घालावा लागतो. 'स्थिर' संकेतस्थळाची पाने पहिल्या प्रकारची. ती आधीच लिहून सर्व्हरवर ठेवलेली असतात आणि सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो. 'गतिमान' संकेतस्थळात वाचकाने पान मागितले, की सर्व्हरवरील आज्ञावली जागी होते, डेटाबेसमधून मजकूर काढते, साच्यात ओतते आणि ताजे पान तयार करून पाठवते.

१९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी 'सर्न' या युरोपीय प्रयोगशाळेत उभारलेले जगातील पहिले संकेतस्थळ साध्या पानांचे होते. त्या पानांची एचटीएमएल ही भाषा आजही वाचता येते आणि आजचा ब्राउझर ती पाने विनातक्रार दाखवतो. तेव्हापासून कितीतरी साधने आली आणि गेली, पण साधी पाने टिकली, हे विसरण्याजोगे नाही. 'फ्लॅश'मध्ये केलेली नाचरी-गाती संकेतस्थळे एके काळी प्रतिष्ठेची मानली जात. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधारच काढून घेण्यात आला आणि ती सारी मुकी झाली.

स्थिर पानांचा मोठा गुण म्हणजे त्यांत फोडण्यासारखे फारसे काही नसते. आज्ञावली नाही, डेटाबेस नाही, त्यामुळे चोराला शिरायला खिडक्याच कमी. सर्व्हरवर भार नगण्य पडतो आणि अशी पाने विनामूल्य ठेवून घेणाऱ्या सेवाही आहेत. अडचण एवढीच, की पन्नास पानांवरचा दूरध्वनी क्रमांक बदलायचा तर पन्नास ठिकाणी हात घालावा लागतो. त्यावर तोडगा म्हणून 'जेकिल' (२००८) आणि 'ह्यूगो' (२०१३) यांसारखी मुक्तस्रोत साधने निघाली. मजकूर साध्या फायलींत लिहायचा, साचा एकदा करायचा. साधन सगळी पाने एका दमात भरून देते. तंत्राची आवड असलेल्या एकट्या माणसासाठी याहून नेटकी व्यवस्था नाही. ग्रंथपालांना मात्र काळ्या पडद्यावर आज्ञा टंकलिखित करायला सांगणे म्हणजे ते काम कधीच होणार नाही याची तजवीज करण्यासारखे आहे.

येथेच 'वर्डप्रेस' पुढे येते. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी मे २००३ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध केलेली ही मुक्तस्रोत प्रणाली आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांमागे असल्याचा अंदाज आहे. ती पीएचपी या भाषेत लिहिलेली असून मजकूर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवते. (पीएचपीचा जन्मही एका छोट्या संकेतस्थळासाठीच झाला. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या पानासाठी ती लिहायला घेतली होती.) तिचे बळ तिच्या प्रसारात आहे. ई-मेल लिहिता येणाऱ्याला सूचना चढवता येते, नियंत्रणपटल मराठीतून मिळते आणि काम करून देणारा निघून गेला तरी जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी दुसरा सापडतो. छोट्या संस्थेने वर्डप्रेस निवडावे ते बहुधा या शेवटच्या कारणासाठी. तांत्रिकदृष्ट्या अधिक सुबक पर्याय आहेत. पण दुरुस्ती करणारा गावात नसेल तर गाडी कितीही सुबक असली तरी दारात उभीच राहते.

दुबळी बाजूही सांगितली पाहिजे. वर्डप्रेसला जोडता येणारे विनामूल्य 'प्लगइन' पन्नास हजारांहून अधिक आहेत आणि घरफोडीचे बहुतेक प्रकार या जोडण्यांतील त्रुटींमुळे होतात. कोणीतरी हौसेने लिहिलेले, मग वाऱ्यावर सोडलेले प्लगइन म्हणजे मागचे उघडे दार. मूळ प्रणालीच्या छोट्या सुरक्षा-सुधारणा २०१३ पासून आपोआप बसतात. जोडण्यांकडे लक्ष ठेवावे लागते. पाच-सहापेक्षा अधिक प्लगइन लागत असतील, तर गरज नक्की कोणाची आहे, वाचनालयाची की करून देणाऱ्याची, हे तपासावे. पीएचपीच्या आवृत्त्यांनाही आयुष्यमर्यादा असते, ७.४ या आवृत्तीची देखभाल नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबली, तरी तिच्यावर चालणारी संकेतस्थळे आजही आढळतात.

माऊसने चित्रे ओढून पान रचण्याची सोय देणाऱ्या तयार सेवांचा पर्यायही आहे. सर्व्हर, सुरक्षा, सुधारणा हे सारे तेच पाहतात. चार पानांचे संकेतस्थळ एका दुपारी होते. मात्र पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा: उद्या दुसरीकडे जायचे झाल्यास माझे संकेतस्थळ मला उचलून नेता येईल का? बहुतेकदा उत्तर 'मजकूर नेता येईल, संकेतस्थळ नाही' असे असते. ते चालणार असेल तर ही निवड चुकीची नाही.

आणि मग तरुण मंडळींची आवडती नवी साधने. जँगो, रेल्स, रिअ‍ॅक्ट ही नावे कार्यकारिणीच्या बैठकीत उच्चारली गेली तर सावध व्हावे. ती साधने वाईट आहेत असे नव्हे. जँगो तर अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या कार्यालयात जन्मले आणि २००५ मध्ये खुले झाले. वृत्तपत्रांच्या धावपळीतून घडलेल्या या साधनाविषयी पत्रकाराला ममत्व वाटणारच. पण ही साधने ज्यांच्या पदरी प्रोग्रॅमर आहे त्यांच्यासाठी. शिवाय ती वेगाने जुनी होतात. गूगलने पुढे आणलेल्या अँग्युलर-जेएसची देखभाल २०२१ अखेर थांबली, पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीची २०२० च्या प्रारंभी. अशी साधने आणखी शेकडो लहान तुकड्यांवर उभी असतात. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या ११ ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने एका वादातून सार्वजनिक भांडारातून काढून घेतला आणि जगभरातील हजारो प्रकल्पांचे काम अडले. सुट्टीची तारीख जाहीर करण्यासाठी एवढ्या लांबच्या साखळीला बांधून घेण्याचे कारण नाही.

पुस्तकांची यादी

वाचनालयाच्या बाबतीत खरा गुंता आहे तो यादीचा. वीस हजार पुस्तके म्हटले की मोठ्या यंत्रणेची भाषा सुरू होते, म्हणून हिशेबच करून पाहू. नाव, लेखक, प्रकाशक, विषय आणि क्रमांक मिळून एका पुस्तकाची नोंद अडीचशे अक्षरांची धरली, आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह प्रचलित युनिकोड पद्धतीत तीन बाइट घेते हे लक्षात घेतले, तर नोंद होते ७५० बाइटची. वीस हजार नोंदींचे दीड कोटी बाइट, म्हणजे सुमारे १५ एमबी. मोबाइलवर काढलेल्या चार-पाच छायाचित्रांएवढी ही जागा. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये तयार केलेला 'एसक्यूलाइट' हा डेटाबेस, ज्यात सारी माहिती एकाच फायलीत राहते, या कामाला पुरून उरतो. त्याचे स्वतःचे संकेतस्थळही त्याच्यावरच चालते. वर्डप्रेस वापरायचे असेल तर त्याच्या मायएसक्यूएलमध्येही ही यादी सहज मावते.

देवघेवही संगणकावर न्यायची असेल तर गोष्ट वेगळी. मग घरगुती आज्ञावली लिहून घेण्याऐवजी ग्रंथालयांसाठीच्या तयार प्रणाली पाहाव्यात. प्रामुख्याने शासकीय ग्रंथालयांसाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' आहे. आणि 'कोहा' आहे, जिची कथा सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच कोलमडणार होती. नवी विकत घेण्याऐवजी न्यासाने ती लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि सर्वांना मुक्तपणे देऊन टाकली. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थच भेट. आज भारतातील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालये ती वापरतात. मात्र ती बसवायला आणि सांभाळायला जाणकार लागतो. केवळ 'पुस्तक आहे का' एवढे दाखवण्यासाठी तिचा घाट घालू नये.

मराठीची खास अडचण

इंग्रजी पुस्तकांत सहसा न सांगितलेला भाग येथून सुरू होतो. अनेक संस्थांच्या याद्या युनिकोडपूर्व काळात, त्या त्या कंपनीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित झालेल्या आहेत. फॉन्ट काढला की त्यातले मराठी म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. अशी यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, नंतर माणसाकडून तपासून घ्यावी लागते. या कामाला संकेतस्थळ उभारण्यापेक्षा अधिक वेळ लागतो आणि अंदाजपत्रकात ते नेमके विसरले जाते.

डेटाबेसची मांडणीही पाहावी. २०१८ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपूर्वी मायएसक्यूएलची मूळ मांडणी लॅटिन लिपीसाठीची होती. ती न बदलता मराठी मजकूर भरला, की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते, आणि ती प्रश्नचिन्हे पुन्हा मराठी होत नाहीत. मूळ प्रत नसेल तर यादी गेली.

मग वर्णक्रम. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट होतो. युनिकोडच्या कोष्टकात ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी बसतो आणि क्ष हे जोडाक्षर क मध्येच मोजले जाते. परिणामी 'क्षितिज' शोधणारा यादीच्या टोकाला जातो आणि ते पुस्तक तिकडे, 'क' मध्ये असते. मराठीसाठीचा क्रम वेगळा सांगता येतो. सांगावा लागतो, एवढेच.

शोधातही गफलती होतात. 'बिऱ्हाड'मधला अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी टंकलिखित होऊ शकतो. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला निराळे. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या नोंदींत ते 'अ' वर चंद्र देऊन लिहिलेले असते. ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ निराळेच. म्हणून काम करून देणाऱ्याला विचारावे, की साठवताना आणि शोधताना ही रूपे तुम्ही एकच करून घेता का? उत्तरादाखल कोरा चेहरा दिसला, तर माणूस कितीही हुशार असला तरी मराठी यादीचे काम त्याने आजवर केलेले नाही, असे समजावे.

फॉन्टबाबत आता चिंता उरलेली नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट विनामूल्य आहेत, गूगलचा 'नोटो'ही आहे. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद मात्र आज्ञावलीत असावी. तशी नोंद असली तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तेथे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. नसली तर हिंदी वळणाचे.

जागा, कुलूप आणि प्रत

सर्व्हरवरील भाड्याची जागा घेताना पहिल्या वर्षाचा दर पाहू नये, नूतनीकरणाचा पाहावा. तो दुप्पट-तिप्पट असणे या व्यवसायात नेहमीचेच आहे. दिवसाला दोन-तीनशे वाचक येणाऱ्या संकेतस्थळाला सर्वांत लहान जागाही ऐसपैस होते. पत्त्याशेजारच्या कुलपाचे, म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे कोणी मागत असेल तर नकार द्यावा. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही सेवा २०१५ पासून ते विनामूल्य देते. कुलूप मात्र हवेच. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर त्याविना चालणाऱ्या संकेतस्थळांवर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारतो.

सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी संकेतस्थळावर ठेवू नयेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी जी माहिती ठेवलीच नाही ती चोरीला जात नाही. वर्गणीसाठी यूपीआयचे चित्र लावले की काम भागते.

राखीव प्रतीविषयी सगळेच बोलतात, ती कोठे आहे हे कोणी पाहत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या सर्व्हर-केंद्राला आग लागली आणि लक्षावधी संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या. त्या मूळ प्रतींबरोबर जळाल्या. वाचनालयाची प्रत दर महिन्याला उतरवून कार्यालयातील संगणकावर, आणि एक पेन ड्राइव्हमध्ये कपाटात ठेवावी.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना सांगितले तर काही मिनिटांत संकेतस्थळ लिहून मिळते, मग एवढा खल कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. लिहून मिळते हे खरे, आणि छोट्या कामासाठी ते वाईटही नसते. नाव कोणाच्या नावे, प्रत कोठे, सुधारणा कोण करणार, हे प्रश्न मात्र त्याने सुटत नाहीत. कोणालाच न समजलेली आज्ञावली संस्थेच्या गळ्यात पडते ती वेगळीच. अशा साधनाकडून काम घ्यायचेच तर ते साध्या, स्थिर पानांपुरते घ्यावे. बिघडले तरी नुकसान बेताचे होते.

कोणतेही साधन ठरले, तरी करून देणाऱ्याशी होणारा करार एका पानाचा असावा आणि त्यात सर्व खात्यांचे पासवर्ड, आज्ञावलीची संपूर्ण प्रत आणि वर्षभराच्या सुधारणांची जबाबदारी यांचा उल्लेख असावा. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी: त्याच्याकडून चाचणीसाठीची वेगळी प्रत उभारून घ्यावी, ती ग्रंथपालांच्या समोर पुसून टाकायला लावावी आणि पेन ड्राइव्हमधील राखीव प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करून दाखवायला सांगावे. अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. ते जमले नाही, तर धनादेश आणखी आठवडाभर खणात राहू द्यावा.